मरळीच्या अंगावरचं नाव

बाईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते आणि आधीच वैतागलेली होते. एका विद्वानाने झिंग्याला दहा पायांऐवजी आठच पाय काढले होते आणि उरलेली जागा छायांकनाने सुरेख भरली होती. त्याच्या पानावर लाल शेरा मारत असतानाच फोन वाजला, आणि नमस्कार नाही, कशी आहेस नाही, बाई सरळ म्हणाल्या, “काऊन वो, माह्यं नाव काढून टाकलं म्हणे तुमच्या लोकायनं?”

“कोणतं नाव, बाई?”

“कोणतं म्हंजे? मले का धा नावं हायेत? थे मासोळीवरच्या किड्याचं!”

बाई म्हणजे माझ्या सरांच्या पत्नी. सर चंद्रपूरला प्राणीशास्त्र शिकवायचे, निवृत्त झाल्यावर जवळच्या मूल गावी घर बांधून राहिले, आणि मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेले. आयुष्यभर त्यांनी एकच विषय धरला होता: माशांच्या अंगावर राहणारे परजीवी, आणि त्यातही झिंगे-खेकड्यांच्या कुळातले. तरुणपणी मूलजवळच्या एका मामा तलावातल्या, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तळ्यातल्या, मरळ माशावर त्यांना असा एक जीव सापडला, जो तोवर कुणी कागदावर उतरवला नव्हता. आमच्या धंद्यात रीत अशी की नव्या जिवाला नाव देण्याचा मान त्याचं वर्णन करणाऱ्याचा. स्वतःचं नाव द्यायचं नसतं, तो अगदीच हावरटपणा समजतात. दुसऱ्या कुणाचं दिलं तर चालतं. सरांनी बायकोचं दिलं. नावाच्या शेवटी लॅटिनची एक शेपटी लावायची, की झालं.

यावर बाईंनी उभं आयुष्य तक्रार केली. घरी कुणीही आलं की चहाच्या कपासोबत ती तक्रार यायचीच. “लोकायच्या नवऱ्यायनं बायकोच्या नावानं बंगले बांधले, पाटल्या केल्या. आनं याइनं माह्यं नाव उवेले देल्लं!” पाहुणे हसायचे, सर सगळ्यात जास्त हसायचे आणि म्हणायचे, “ऊ नाही गं, उवेपेक्षा फार वरचं आहे ते.” मी विद्यार्थिनी म्हणून त्या घरात वावरत होते तेव्हापासून ही तक्रार किती वेळा ऐकली असेन! पण एक पाहिलं होतं. सांगायला बाई एकदाही विसरल्या नव्हत्या.

तर झालं होतं असं, की दिवाळीला पुण्याहून नात आली होती. आजीची गंमत करावी म्हणून तिनं मोबाइलवर तो जीव शोधला. नाव निघालं, पण शेजारी एक शब्द होता: शंकास्पद. परदेशातल्या जाणकारांनी या सगळ्या कुळाची नव्यानं तपासणी केली होती. त्यात सरांच्या जातीपुढे त्यांनी लिहिलं होतं की जुन्या चित्राखेरीज पुरावा नाही, जनुकांची माहिती नाही, बहुधा ही जगभर सापडणारी साधी जातच असावी.

“मले का त्याचं,” बाई फोनवर म्हणाल्या. “राहो का जावो. मी का हौशीनं मागलं होतं?” आणि लगेच पुढे, “पण याइले वाईट वाटन ना वो.”

सर जाऊन वर्ष उलटलं होतं आणि बाई त्यांना वाईट वाटेल म्हणत होत्या. मी म्हटलं, “मी पाहातो बाई. असं कसं काढतीन?” आणि फोन ठेवून त्या आठ पायांच्या झिंग्याला पासापुरते गुण देऊन टाकले.

आता हा जीव काय आहे ते सांगते, नाहीतर मला उगाच वेड लागलंय असं वाटेल. मरळ घ्या हातात आणि तिच्या पराच्या बुडाशी बघा. कधीकधी तिथे पांढरट दोऱ्याचा तुकडा लोंबताना दिसतो. दोरा नाही तो, बाई आहे, म्हणजे त्या जिवाची मादी. लहानपणी ती पाण्यात स्वतंत्र पोहते, झिंग्याच्या पोरीसारखी, पायबिय सगळं जागच्या जागी. वयात आली की एखादा मासा गाठते आणि त्याच्या मांसात डोकं खुपसते. मग कायमची तिथेच. मान लांबत जाते, अंगाचा दोरा होतो, आणि आत मांसात डोक्याला शिंगं फुटतात, म्हणजे मासा कितीही उसळला तरी ती सुटत नाही. बाहेर राहतं फक्त शेपटाकडचं टोक आणि त्याला लटकलेल्या अंड्यांच्या दोन पिशव्या. लर्निया म्हणतात या मंडळींना. ही खेकड्याची भाऊबंद आहे असं सांगितलं तर शपथ घेऊनही कुणाला खरं वाटत नाही.

यांच्या जाती ओळखायच्या त्या मुख्यतः शिंगांवरून. किती फाटे, किती लांब, कुठे वळण. सरांच्या जातीची शिंगं आखूड, जाडसर आणि आतल्या अंगाला पिळवटलेली. तसं वळण दुसऱ्या कुणाच्या चित्रात नव्हतं, म्हणून ती नवी जात. हल्ली तेवढ्यावर कुणी ऐकत नाही. जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाचून, तो इतरांच्या तुकड्यांशी लावून बघावा लागतो. रूप आणि जनुक दोन्हींची साक्ष जुळली की मग जात पक्की.

आणि हो, अशी एक जात माझीही आहे. आरमोरीकडे माझं माहेर. तिथल्या एका बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, मांगूर माशावर मला सापडली होती. लांबसडक, फाटे फुटलेली शिंगं, सरांच्या जातीशी काहीएक साम्य नाही. मी तिला माझ्या आईचं नाव दिलं. आई शाळेत गेली नव्हती. गुडघे चालले तोवर धानाच्या रोवणीला गेली आणि त्या चिखलातल्या पैशांवर मला शिकवलं. छापलेला कागद घेऊन मी तिला दाखवायला गेले तेव्हा तिनं विचारलं, “माह्या नावाचा जीव? काय करते थो?”

“मासोळीच्या अंगात रुतून बसते. तिचं रगत पिते.”

“वा गे पोरी!” आई म्हणाली. “चांगले पांग फेडले मायचे!” आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीत सांगून आली. त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही. चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात आईचं नाव जगात तेवढ्या एका जागी छापलेलं आहे. मला त्याचा फार अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

तर मी मूलला गेले. सरांनी त्या मूळ जीवांची बरणी कुठल्या संग्रहालयात न देता घरीच ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. बाईंनी ती स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत ठेवलेली. मी म्हटलं, “बाई, अवो, एखाद्या दिवशी वाढसान कोणाले!” त्या म्हणाल्या, “याइच्या खोलीत पाल फिरते, सांडवन म्हणून इथी ठेवली.”

झाकण घट्ट बसलं होतं. फडक्यात धरून जोर लावला तेव्हा उघडलं आणि फॉर्मालिनचा भपकारा आला. माझे डोळे चुरचुरले, मी तोंड फिरवलं. बाईंनी मात्र तोंड पुढे केलं. बरणीवर वाकून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, “याइचा वास.”

सरांच्या बोटांना कायम तो वास असायचा. साबण लावा, लिंबू चोळा, जायचा नाही. बाई त्यावरूनही भांडायच्या, मी ऐकलेलं आहे. आता त्या डोळे पुसत होत्या, आणि फॉर्मालिनमुळे पुसतायत की कशामुळे हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी बरणी लगेच बंद केली नाही एवढंच.

त्यातले दोन जीव मी नागपूरला पाठवले. तिथे माझी एक वर्गमैत्रीण जनुकांच्या प्रयोगशाळेत आहे. तिचा फोन आला तो ओरडतच. “फॉर्मालिनमधलं पाठवलंस? तू प्राध्यापक आहेस ना गं? की भाजीचं दुकान टाकलं?”

मला राग आला, पण तिचं बरोबर होतं. फॉर्मालिन रूप जपतं. एकेक केस, एकेक काटा जन्मभर जागचा हलत नाही. जनुकांचा मात्र ते पार भुगा करून टाकतं. जनुकं वाचायची तर जीव अल्कोहोलात ठेवायला हवा. सरांच्या काळात हे कोणाला सुचणार होतं! मनात कुठेतरी मी धरून चालले होते की सरांच्या हातचं आहे म्हणजे निघेलच काहीतरी. निघालं नाही. तुकडे इतके बारीक झाले होते की वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता एकच मार्ग होता. तोच तलाव, तोच मासा, आणि त्यावर तोच जीव पुन्हा ताजा मिळवायचा. तो आता तिथे आहे की नाही कुणास ठाऊक. मिळाला नाही तर बाईंचं नाव शंकास्पद म्हणून पडून राहणार आणि हळूहळू लोक ते लिहायचंच सोडून देणार. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी येतो.”

“तुमी कायले? पाळीवर चालणं होणार नाई तुमच्यानं.”

“नाव कोणाचं हाये? तुह्यं का माह्यं?”

रिक्षा केली. धान कापून झालं होतं, बांध्यांमधून वाट मोकळी होती. तलावावर ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, सोसायटीची जाळी सकाळीच पडली होती आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर, मासळीचे ढीग लागत होते. मरळीही होत्या. मी धावतच गेले, एकेक उलटून पाहू लागले. एका मरळीच्या पराशी तांबूस भोक, दोरा गायब. दुसरीच्या अंगावर तसंच भोक. तिसरीच्याही. माझ्या डोक्यात काही शिरेना. मग समोर बघितलं तर मासळी निवडणारी बाई बसल्या बसल्या प्रत्येक मरळीवरचे दोरे दोन बोटांत धरून उपटत होती आणि मागे फेकत होती. गिऱ्हाइकाला किडका मासा दिसू नये म्हणून.

“अवो!” मी किंचाळलेच. “ओढू नका! ओढू नका ना!”

तिनं हातातली मरळ खाली टाकली. तिला वाटलं साप आहे. आजूबाजूचे चारजण धावत आले. मी समजावू लागले की ओढलं की मान तुटते, डोकं आत राहतं, शिंगं आत राहतात, आणि शिंगांशिवाय मला ओळख पटत नाही. माझा आवाज चढलेलाच होता. ती बाई शांतपणे म्हणाली, “तं मंग किडकीच मासोळी पायजे म्हणा ना बाई. इतकी मोठ्यानं कायले सांगून राह्यल्या?”

आमच्या बाई पाळीवर बसून पोट धरून हसत होत्या. सर गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून माझा राग तिथेच विरला.

नंतर त्या बाईनंच दोरे असलेल्या मरळी बाजूला काढून दिल्या. त्या घेऊन आम्ही मूलला परत आलो. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उजेड चांगला असतो, तिथे मी माझा छोटा सूक्ष्मदर्शक मांडला, मासा ताटात घेतला आणि दोन सुयांनी दोऱ्याभोवतालचं मांस सोडवायला बसले. हे काम घाईचं नाही. मांसाचा तंतू तंतू बाजूला सारत शिंगांपर्यंत पोचायचं, एक झटका की सगळं मुसळ केरात. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं. बाई समोर बसून लसूण सोलत होत्या, कारण उरलेल्या मरळीचा रस्सा व्हायचाच होता. शिजवल्यावर या किड्यानं माणसाला काही होत नाही.

शेवटी एक अख्खी सुटली. भिंगाखाली धरली. आखूड, जाडसर, आतल्या अंगाला पिळवटलेली शिंगं! सरांचं चित्र मी शेजारी ठेवलं होतं. वळणाला वळण जुळत होतं. “बाई, सापडली!” मी ओरडले, “तुमी सापडल्या!”

बाईंनी लसणाचे हात पदराला पुसले आणि भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. “हे मी होय?” म्हणाल्या. “अगा बापा. शिंगं तं लय हायेत.”

“सरांना ठाऊक होतं ना,” मी म्हटलं, आणि पाठीत एक धपाटा खाल्ला.

अंड्यांच्या पिशव्या मी कापून अल्कोहोलात टाकल्या. जनुकांसाठी त्या पुरतात, आणि बाकीचं अंग रूप बघायला शाबूत राहतं. मी हे करत असताना बाईंनी विचारलं, “आनं समजा हे आनं दुसरं कोणतं एकच निघालं तं?”

“तं मंग जुनं नाव राहाते. नवं जाते. ज्यानं आधी छापलं त्याचं खरं.”

“मंग बरं हाये,” बाई म्हणाल्या. “याइचं जुनंच असन.” मी त्यांना सांगितलं नाही, की ज्या साध्या जगभरच्या जातीशी सामना होता तिचं नाव सरांच्या जन्माच्याही आधीचं होतं. ती आणि ही एक निघाली असती तर बाईंचं नाव गेलंच असतं.

नमुने नागपूरला गेले. शेजार म्हणून, तुलनेला काहीतरी हवं म्हणून, मी माझ्या आरमोरीच्या मांगुरावरच्या जातीचेही थोडे पाठवले. ते मी अल्कोहोलातच ठेवले होते. त्याचा जास्त विचार केला नव्हता.

मैत्रिणीचा फोन दुपारी आला. “तुझ्या सरांची बायको पास,” ती म्हणाली. “त्या जगभरच्या जातीपासून चांगली लांब आहे. वेगळी जात. शंकाच नाही.”

मी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या टाळी वाजवली. सगळे बघू लागले. “पण ऐक,” ती पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. “तुझी जी आहे ना, मांगुरावरची. ती आणि ही एकच आहे.”

“काय एकच आहे?”

“जात. फरकच नाही म्हटलं तरी चालेल.”

मी तिला म्हटलं की तू नळ्या बदलल्या असशील. तिला म्हटलं की तुझी प्रयोगशाळा आहे की पाणीपुरीची गाडी? “पुन्हा पाठव, पुन्हा बघते,” एवढंच ती बिचारी म्हणाली, यावरूनच मी समजायला हवं होतं. मी पुन्हा नमुने पाठवले, वेगळ्या मांगुराचे, वेगळ्या मरळीचे. पुन्हा तेच.

मग मी दार लावून घेतलं आणि दोघींना भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवलं. या वेळी शिंगं बघितली नाहीत. पाय बघितले. या दोरा झालेल्या देहावर लहानपणचे पाय तसेच राहिलेले असतात, इवलेसे, कामाचे नसलेले, म्हणून कुणी फार लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं. एकेक पाय, एकेक केस जुळला.

मग शिंगं वेगळी का? ते उमजलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. मरळीला टणक खवले, घट्ट मांस. तिथे शिंगांना पसरायला जागाच मिळत नाही, ती आखडतात, पिळवटतात. मांगुराला खवलेच नसतात, मांस मऊ. तिथे तीच शिंगं हातपाय ताणून वाढतात. मुरमात लावलेल्या झाडाची मुळं आणि बांधीच्या चिखलातल्या झाडाची मुळं सारखी असतात का? मी घराच्या आकारावरून बाई वेगळी ठरवली होती. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्यानं होणार नाही.

दोन्ही एक, म्हणजे जुनं नाव राहणार. सरांचं. बाईंचं. आणि माझ्या आईचं जाणार.

खरं सांगते, मला रडू आलं. त्या दोन दोऱ्यांसमोर बसून मी हमसून हमसून रडले. आईचं नाव आणि तेही मी माझ्याच हातानं खोडायचं. एकदा मनात आलं, की सरांच्या जातीवर लिहायला घेतलेल्या लेखात माझी जात घेतेच कशाला? प्रश्न सरांच्या जातीचा होता, त्याचं उत्तर मिळालं. बाईंचं नाव वाचलं. मांगुरावरच्या जातीबद्दल मला कुणी विचारलेलंच नाही. दोन्ही नावं आपापल्या जागी सुखानं राहिली असती. कितीतरी दिवस मी तो लेख तसाच अर्धा ठेवला, घरात सगळ्यांवर खेकसले, विद्यार्थ्यांना विनाकारण झापलं. मग एके दिवशी लिहून टाकलं, खरं होतं तसं. मोठेपणा वगैरे काही नाही. खोटं ठेवून मला आईच्या नावाकडे बघताच आलं नसतं.

लेख छापून येणार हे पक्कं झाल्यावर मी मूलला गेले, आणि बाईंना अर्धीच गोष्ट सांगायची असं ठरवून गेले. “नाव राह्यलं बाई तुमचं. पक्कं झालं. आता कोणी शंकास्पद म्हणणार नाई.”

बाईंनी आधी सरांच्या फोटोकडे पाहिलं. मान हलवली, जणू सर काहीतरी म्हणाले आणि त्यांना ते पटलं. मग माझ्याकडे वळल्या. “आनं तू अशी काऊन बसून राह्यली? आनंदाची गोष्ट हाये ना?”

“आहे ना.”

“मंग तोंड काऊन उतरलं? थ्या दिवशी तलावावरून आलो तं माकडावानी उड्या मारत होती.” बाई काही प्राणीशास्त्र शिकल्या नाहीत, पण चाळीस-एक वर्षं त्या माणसाशी संसार केला होता. “कोणाशी एक निघालं थे?”

मी फोनमध्ये डोकं घातलं.

“तुह्या मायचं?”

मी मान हलवली. बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. “नाई. नाई, हे नाई चालणार. माह्यं काढ.”

“बाई—”

“माह्यं काढ म्हणतो ना! मी जित्ती हावो, मले का नावाची कमी हाये? घरावर पाटी हाये माह्या नावाची. तुई माय कुठून येईन आता?” त्यांचा आवाज फाटला. “रांडेच्यायनं असा कसा नेम केला? कोण हाये थो? बलाव त्याले इथी!”

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “बाई, असं कोणाले बलावता येत नाई. आनं आईचं नाव अगदीच पुसत नाईत. ऐका तं.”

आणि मग मी त्यांना दाखवलं. लेखाचं पान फोनमध्ये होतं. आमच्यात असं असतं, की खरं ठरलेलं नाव वर लिहितात, आणि त्याखाली, जरा आत सरकवून, त्या जिवाला आजवर कुणी कुणी दुसरं काय नाव दिलं होतं ते लिहून ठेवतात. गळलेलं नाव फेकत नाहीत. पुढे जो कुणी ही जात लिहील, त्याला वर बाईंचं नाव लिहावं लागेल आणि खाली माझ्या आईचं. दर वेळी. मी मेल्यावरही.

बाईंनी चष्मा लावला. फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. इंग्रजी अक्षरं त्यांना सावकाश लागतात.

“हे मी?”

“हो.”

“आनं माह्या खाली हे, तुई माय?”

“हो.”

त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं. पडदा हलला आणि पान सरकलं, तर घाईघाईनं म्हणाल्या, “कुठी गेली, कुठी गेली?” मी पान पुन्हा जागेवर आणलं. आता त्या बोट न लावता नुसत्या बघत राहिल्या.

“मंग माह्या घरीच राहाले आली म्हण ना,” बाई म्हणाल्या. फोन त्यांनी हळूच खाली ठेवला, पालथा नाही, उताणा. पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि उठून स्वयंपाकघराकडे वळल्या. दारात थांबून मागे पाहिलं.

“काय आवडे वो तिले खायाले?”

“आंबाडीची भाजी,” मी म्हटलं. आणि त्यांच्या मागोमाग लसूण सोलायला गेले.